फुलाचे वर्णन आणि मराठी परिभाषा

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या गावात ‘चाफा’ आढळतो, एवढीच नोंद कागदावर झाली तर तिच्यावरून फारसे काही निष्पन्न होत नाही. सोनचाफा, देवचाफा, नागचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, भुईचाफा ही सारी नावे मराठीत रूढ आहेत. परंतु या वनस्पतींचे एकमेकींशी नाते फारसे नाही. सोनचाफा आणि कवठी चाफा तेवढे एका कुलातील. देवचाफा हा कण्हेर व सदाफुली यांच्या कुलातील असून तो मूळचा उष्ण अमेरिकेतील आहे. हिरवा चाफा सीताफळाचा भाऊबंद, नागचाफा उंडीचा, तर भुईचाफा हळद व आले यांच्या कुलातला. सुवास आणि पाकळ्यांची ठेवण यांवरून लोकांनी त्यांना एका नावाखाली आणले. त्यात लोकांची चूक काही नाही. देवपूजेसाठी फूल हवे असते, तेव्हा एवढी ओळख पुरेशी होते. शासकीय नोंदीला, औषधी वनस्पतीच्या खरेदीला किंवा पिकाच्या पाहणीला मात्र ती पुरत नाही.

आता अशा नोंदी करण्याची जबाबदारी केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांची राहिलेली नाही. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून, गावकऱ्यांच्या सल्ल्याने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समित्यांचे प्रमुख काम आहे. त्यापूर्वीच्या, म्हणजे २००१ च्या, वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्याला स्वतः जतन केलेला वाण आपल्या नावे नोंदविण्याचा अधिकार दिला आहे. या दोन्ही ठिकाणी वर्णन लागते, आणि सपुष्प वनस्पतीच्या वर्णनाचा गाभा म्हणजे तिचे फूल. पाने उन्हापाण्याप्रमाणे लहानमोठी होतात, उंची जमिनीप्रमाणे बदलते. फुलातील अवयवांची संख्या, जोडणी आणि स्थान यांत सहसा फरक पडत नाही. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७३५ मध्ये वनस्पतींचे वर्गीकरण मांडताना प्रामुख्याने फुलातील केसरांची संख्या आणि त्यांची मांडणी आधारभूत मानली, ती याच कारणाने. त्याची ती पद्धत पुढे मागे पडली; फुलाचे महत्त्व मात्र कायम राहिले.

एका फुलाला दोन परिभाषा

जास्वंदीचे फूल शाळेत उकलून दाखविण्याची प्रथा जुनी आहे, आणि ती सार्थ आहे. फूल मोठे असते, बारा महिने मिळते आणि त्यातील चारही मंडले डोळ्यांना स्पष्ट दिसतात. सर्वांत बाहेर हिरवा पेला असतो. त्याच्या आत पाच रंगीत पाकळ्या, त्यांच्या आत पिवळ्या परागकोशांनी मढलेली एक लांब नळी, आणि त्या नळीतून बाहेर डोकावणारे पाच मखमली गोंडे. तळाशी, पेल्याच्या आत, पुढे ज्याचे फळ व्हावयाचे तो फुगीर भाग.

या भागांना मराठीत नावांचे दोन संच आहेत. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत हिरव्या पेल्याला निदलपुंज, पाकळ्यांच्या मंडलाला दलपुंज, पुंकेसरांच्या समूहाला पुमंग आणि स्त्रीकेसरांच्या समूहाला जायांग म्हटले जाते. जायांगाचे भाग म्हणजे अंडाशय, कुक्षीवृंत व कुक्षी, आणि अंडाशयात बीजांडे. ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्या मराठी विश्वकोशात वेगळी परिभाषा आढळते. तेथे निदलपुंजाला संवर्त म्हणतात, त्याच्या एकेका दलाला संदल. दलपुंज म्हणजे पुष्पमुकुट. पुंकेसर म्हणजे केसरदल. जायांग म्हणजे किंजमंडल. अंडाशय तेथे किंजपुट होतो, कुक्षीवृंत किंजल, कुक्षी किंजल्क आणि बीजांड बीजक.

शिक्षक पहिला संच शिकवितो आणि विद्यार्थी पुढे संदर्भग्रंथ उघडतो तेव्हा त्याला दुसरा संच भेटतो. किंजपुट आणि अंडाशय या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. दोन्ही संच संस्कृतातून घडविलेले असून दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. शालेय संच हिंदीतील शास्त्रीय परिभाषेला जवळचा असल्याने राज्याबाहेरच्या ग्रंथांशी जुळतो. विश्वकोशातील संचात किंज हे एकच पद धरून किंजमंडल, किंजदल, किंजपुट, किंजल, किंजल्क अशी साखळी बांधलेली आहे. एक शब्द कळला की बाकीचे ओळखता येतात. गैरसोय होते ती एकाच कागदावर दोन्ही संच मिसळल्यामुळे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर कोणता संच वापरला आहे हे लिहून ठेवले, तर पुढच्या वाचकाचे निम्मे श्रम वाचतील. पुढील विवेचनात विश्वकोशातील शब्द योजले आहेत.

शब्दांचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. अमरकोशात किंजल्क आणि केसर हे समानार्थी शब्द असून कमळाच्या फुलातील तंतू असा त्यांचा अर्थ आहे. आधुनिक परिभाषाकारांनी त्यांतील केसर हा शब्द परागधारी अवयवाला दिला आणि किंजल्क हा पराग स्वीकारणाऱ्या टोकाला. एका घरातील दोन भावांना वेगवेगळ्या गावी वतने मिळावीत, तसा हा प्रकार झाला. बाजारातील केशर याहून गमतीचे आहे. ते केशराच्या फुलातील केसरदले नव्हेत. प्रत्येक फुलातील किंजलाची तीन लाल टोके, म्हणजे किंजल्के, खुडून व वाळवून ते तयार होते. नाव केशर आणि वस्तू किंजल्क, हे ध्यानात ठेवण्याचा सोलापूरकरांना एक व्यावहारिक उपयोग आहे. तो करडईच्या संदर्भात पुढे येईल.

डाळिंबाची ‘मादी कळी’

डाळिंब हे सोलापूर जिल्ह्याचे नाव देशभर नेणारे फळ आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरातच स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक निर्देशन मिळाले. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या तालुक्यांत बहार धरणे, ताण देणे, कळी निघणे, गाठ पडणे हे शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. आणि दर बहाराला एक तक्रार कानी येते : झाड फुलांनी लाल झाले होते, पण फुले गळून गेली आणि फळे थोडीच धरली.

ही गळ प्रत्येक वेळी रोगामुळे किंवा पाण्याच्या चुकीमुळे होते असे नाही. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन प्रकारची फुले येतात. पहिल्या प्रकारच्या फुलात केसरदले आणि किंजमंडल ही दोन्ही पूर्ण वाढलेली असतात. किंजपुट भरदार असल्याने फुलाचा तळ रुंद आणि आकार सुरईसारखा दिसतो, किंजल लांब असून किंजल्क परागकोशांच्या पातळीला किंवा त्याहून वर आलेले असते. दुसऱ्या प्रकारच्या फुलात केसरदले जोमदार असतात, परंतु किंजपुट खुरटलेला व किंजल आखूड असतो. अशा फुलाचा तळ निमुळता व आकार घंटेसारखा होतो. पहिल्याला फळ धरते. दुसरे पराग पुरवून गळून पडते, कारण त्याचे कामच तेवढे असते. या दोहोंच्या मधल्या अवस्थेची फुलेही थोडीफार आढळतात. नर फुलांचे प्रमाण वाण, हंगाम व झाडाचे पोषण यांनुसार कमीजास्त होते आणि ते निम्म्याहून अधिकही असू शकते.

शेतकरी पहिल्या प्रकाराला मादी कळी आणि दुसऱ्याला नर कळी म्हणतात. बागेतील व्यवहारासाठी हे शब्द उत्तम आहेत. मात्र अहवाल लिहिणाऱ्याने एवढे जाणले पाहिजे की, ही मादी कळी शास्त्राच्या अर्थाने मादी नाही, ती द्विलिंगी आहे. तिच्यात परागही तयार होतात. भोपळा, काकडी, दोडका यांच्या वेलीवर जे फूल इवलेसे फळ पाठीशी घेऊनच उमलते ते मात्र खरोखर केवळ मादी असते, आणि त्याच वेलीवर नर फुले वेगळी येतात. अशा वनस्पतीला एकत्रलिंगी म्हणतात. पपईच्या बहुतेक जुन्या जातींत आणि ओढ्याकाठच्या शिंदीत नर झाड निराळे व मादी झाड निराळे असते. ती विभक्तलिंगी होत. पाहणी अहवालात ‘फुलगळ झाली’ एवढेच लिहिण्याऐवजी गळलेल्या फुलांत द्विलिंगी किती आणि नर किती, हे जमिनीवरची शंभर फुले उचलून मोजले, तर नैसर्गिक गळ कोणती आणि नुकसान कोणते हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते. त्यासाठी फुलाचा तळ पाहण्यापलीकडे कोणत्याही उपकरणाची गरज नसते.

डाळिंबाच्या माथ्यावरील मुकुट म्हणजे फळ पिकेपर्यंत टिकून राहिलेला संवर्त होय. वनस्पतिवर्णनात अशा संवर्ताला सतत किंवा चिरस्थायी संवर्त असे म्हणतात. वांग्याच्या देठाकडील हिरवी टोपीही तीच वस्तू आहे. फरक एवढाच की वांग्यात ती फळाच्या देठाशी असते आणि डाळिंबात फळाच्या टोकाशी. वांग्याचा किंजपुट फुलाच्या इतर मंडलांच्या वर असतो म्हणून तो ऊर्ध्वस्थ. डाळिंब, पेरू व भोपळा यांचा किंजपुट त्यांच्या खाली असतो म्हणून तो अधःस्थ. ऊर्ध्वस्थ व अधःस्थ हे भेद विद्यार्थ्यांना पाठ करून घ्यावे लागतात, असा अनुभव आहे. बाजारातून एक वांगे आणि एक डाळिंब आणून शेजारी ठेवले तर पाठ करण्यासारखे काही उरत नाही.

करडई : जे फूल दिसते ते फूल नव्हे

सोलापूरच्या कोरडवाहू रब्बीत ज्वारीच्या सोबतीला करडई पेरण्याची रीत जुनी आहे. करडईचे पिवळे-केशरी फूल वस्तुतः एक फूल नसून अनेक लहान फुलांचा जमाव असतो. अशा फुलोऱ्याला स्तबक म्हणतात आणि त्यातील एकेका लहान फुलाला पुष्पक. स्तबकाला खालून वेढणारी हिरवी काटेरी दले म्हणजे संवर्त नव्हे. ती छदे असून त्यांच्या वेढ्याला छदमंडल म्हणतात. झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि गाजर गवत या सर्वांची रचना याच धर्तीची आहे.

सूर्यफुलात कडेची पट्टीसारखी पिवळी पुष्पके, ज्यांना किरणपुष्पके म्हणतात, ती वंध्य असतात आणि बी धरते ते मधल्या बिंबपुष्पकांत. गाजर गवतात नेमके उलट आहे. त्याच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या स्तबकात कडेला पाचच किरणपुष्पके असतात आणि बी त्यांतच धरते. मधली पुष्पके नर असतात. एका स्तबकात बिया थोड्या, पण एका झाडावर स्तबके हजारो. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे तण देशभर पसरले, त्यामागे ही हजारोंची संख्या आहे. फुले येण्यापूर्वी उपटा, असे जे आवर्जून सांगितले जाते त्याचे कारणही हेच.

करडईत किरणपुष्पके नसतात. सर्व पुष्पके नळीसारखी, टोकाशी पाच भागांत चिरलेली असतात. ‘करडईच्या पाकळ्या’ म्हणून ज्या वाळवून काढ्यासाठी विकल्या जातात त्या पाकळ्या नसून पुष्पकांचे संपूर्ण पुष्पमुकुट असतात. परागण होऊन फलधारणा झाल्यावर हे मुकुट सुकून लालसर होतात. त्या वेळी ते खुडले तर तेलाच्या उत्पन्नाला बाध येत नाही, कारण किंजपुटाचे काम तोवर मार्गी लागलेले असते. खुडणाऱ्या मजुराच्या हाताला बोचतात ती छदे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-६’ हा बिनकाटेरी वाण दिला तो या अडचणीवर उपाय म्हणून. आणि शेतकरी ज्याला करडईचे बी म्हणतो ते एकबीजी कोरडे फळ असते, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवावी. पेरणीच्या कामात तिच्यावाचून काही अडत नाही.

आता केशराकडे वळू. करडईचे वाळलेले पुष्पमुकुट रंगाने केशराशी जुळत असल्यामुळे ते केशरात मिसळण्याचा उद्योग फार जुना आहे. भेसळ ओळखण्यासाठी संशयित काड्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवाव्यात आणि भिंगाखाली पाहाव्यात. केशराची काडी, म्हणजे किंजल्क, एका टोकाला तुतारीसारखी पसरट होत जाते. करडईची काडी पाण्यात फुलली की तिची नळी आणि टोकाचे पाच फाटे स्पष्ट दिसतात. नळीतून परागकोशांची पिवळी दांडीही बाहेर आलेली असते. किंजल्क कोणते आणि पुष्पमुकुट कोणता, एवढा भेद ज्याला करता येतो त्याला या कामी प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.

ज्वारीचे कणीस आणि शेतकऱ्याची परिभाषा

सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून सुरू आहे आणि मालदांडी ज्वारीचा ‘एम ३५-१’ हा निवड वाण १९३० च्या दशकात याच जिल्ह्यातील मोहोळ येथे तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. अशा भूमीत ज्वारीच्या फुलोऱ्यासंबंधी लोकभाषा समृद्ध असावी, हे ओघानेच आले. पीक पोटरीत येते, मग निसवते, फुलोऱ्यात येते, चिकात भरते आणि हुरड्याला येते. या पाच शब्दांत कणसाच्या जन्मापासून दाणा पिकू लागेपर्यंतचा सर्व प्रवास अचूक सांगितलेला आहे. यांच्या जागी नवे शास्त्रीय शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. उलट, पाहणी अहवालात ‘पीक वाढीच्या अवस्थेत’ असा मोघम शेरा मारण्यापेक्षा ‘पोटरीत’ किंवा ‘चिकात’ असे लिहिणे शास्त्रालाही अधिक मानवणारे आहे. कपाशीच्या बाबतीत पाते, फूल, बोंड हे शब्द असेच नेमके आहेत.

जेथे लोकभाषा थांबते तेथे परिभाषा हाती घ्यावी. ज्वारीचे कणीस म्हणजे शाखायुक्त फुलोरा, अर्थात परिमंजरी. तिच्या उपशाखांवर कणिशके जोडीजोडीने येतात. जोडीतील एक बिनदेठाचे आणि द्विलिंगी असते, त्यात दाणा भरतो. दुसरे देठाचे असून ते नर किंवा वंध्य असते. कणिशकाला झाकणाऱ्या दोन टणक दलांना तुषे म्हणतात आणि मळणीच्या वेळी उडणारे तूस ते हेच. शास्त्राने येथे शेतकऱ्याचाच शब्द उचलला आहे. तुळशीची मंजरी खालून वर उमलत जाते, ज्वारीचे कणीस मात्र शेंड्याकडून खाली फुलत येते आणि त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणून फुलोऱ्याची नोंद घेताना कणसाचा कोणता भाग फुललेला आहे हे लिहिणे इष्ट ठरते. वाणांच्या माहितीपत्रकांत ‘५० टक्के फुलोऱ्यास लागणारे दिवस’ असा उल्लेख असतो. त्याचा अर्थ शेतातील निम्मी ताटे फुलोऱ्यात येण्यास लागणारे दिवस असा असून, एका कणसातील निम्मी फुले असा नाही.

एखाद्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला ज्वारीचा वाण नोंदवावयाचा झाल्यास तो इतरांहून वेगळा आहे हे दाखवावे लागते. हे वेगळेपण चवीवरून किंवा भाकरीच्या मऊपणावरून सिद्ध होत नाही; निदान तेवढ्यावर होत नाही. किंजल्काचा रंग, सुकलेल्या परागकोशांचा रंग, तुषांचा रंग व लांबी, कणसाचा घट्टपणा किंवा विरळपणा अशी लक्षणे पाहिली जातात. ती फुलोऱ्याच्या मोजक्या दिवसांतच पाहावयास मिळतात. ते दिवस टळले की पुढच्या वर्षीपर्यंत थांबावे लागते. गावातील शिक्षकाने किंवा कृषी सहायकाने शेतकऱ्याला वेळीच एवढे सांगितले तरी मोठे काम होईल.

ज्वारी ही शेवटी गवताच्याच कुलातली. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या नान्नजच्या माळावर मारवेल, पवन्या व कुसळी ही गवते एकमेकांशेजारी उभी असतात आणि त्यांची कणिशकेही अशीच तुषांत झाकलेली असतात. कुसळी हे नावच तिच्या कणिशकाच्या लांब केसाळ कुसळावरून पडले. हे कुसळ ओल मिळताच पीळ उलगडते, सुकताच पुन्हा पीळ घालते आणि त्या हालचालीने बी जमिनीत रुतत जाते. जनावराच्या ओठांत आणि मेंढीच्या कातडीतही ते तसेच रुतते. त्यामुळे चराऊ माळाची नोंद करताना कुसळ आहे की नाही, असल्यास ते किती लांब, हे लिहिणे म्हणजे गवत कधी कापावे हे सांगण्यासारखेच आहे. कुसळ पक्व होण्यापूर्वी कापलेली कुसळी जनावरे निर्वेधपणे खातात.

औषधी वनस्पतींतील घोटाळा

नावांच्या गोंधळाची किंमत सर्वांत अधिक कोठे मोजावी लागत असेल, तर ती औषधी वनस्पतींत. शंखपुष्पी या एका नावाने निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती गोळा केल्या जातात. त्यांपैकी तीन विशेष प्रसिद्ध आहेत. विष्णुक्रांता ही जमिनीवर पसरणारी, बारीक निळ्या फुलांची वनस्पती. तिच्या फुलात दोन किंजले असून प्रत्येक पुन्हा दुभंगलेले असते. दुसरी तिचीच नातलग, पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी नरसाळ्यासारख्या फुलांची. तिच्यात किंजल एकच असते आणि किंजल्के दोन. तिसरा गोकर्णाचा वेल. तो तर हरभरा व तुरीच्या कुलातील असून त्याचा पुष्पमुकुट पतंगरूप असतो, म्हणजे एक मोठी पताकेसारखी पाकळी, दोन पंखांसारख्या आणि दोन जुळून नावेसारख्या झालेल्या. गोकर्णाचे फूल उलटे टांगलेले असल्याने त्याची पताका वर न राहता खाली येते. पहिल्या दोन वनस्पती वाळल्यावर रंगावरून ओळखणे कठीण जाते. किंजल मोजता आले तर शंका उरत नाही. ‘निळी शंखपुष्पी’ एवढेच लिहिणारी नोंद विष्णुक्रांता आणि गोकर्ण या दोहोंना लागू पडते आणि म्हणून निरुपयोगी ठरते.

रुईची गोष्टही अशीच. शनिवारी मारुतीला जिची पानांची माळ घालतात ती रुई दोन जातींची असते. एकीच्या पाकळ्या पसरट किंवा मागे वळलेल्या असतात. दुसरीच्या उभट असून त्यांच्या टोकांना जांभळा ठिपका असतो. दोन्हींत केसरदले व पाकळ्या यांच्या दरम्यान मुकुटासारखी जी मांसल उपांगे दिसतात त्यांना तोरण असे सुरेख नाव परिभाषाकारांनी दिले आहे.

भरगच्च फुले

फुलांच्या प्रदर्शनांतून दुहेरी जास्वंद, भरगच्च गुलाब किंवा परदेशी छायाचित्रांतील पिओनी पाहिली की पाकळ्या मोजणे अशक्य होते. पिओनी सोलापूरच्या उन्हात येणारी नाही. तिची एक रानटी जात, पिओनिया इमोडी, पश्चिम हिमालयाच्या थंड उतारांवर वाढते. तिच्या पांढऱ्या एकेरी फुलात मोजक्या पाकळ्या, मध्यभागी पिवळ्या केसरदलांचा दाट झुबका आणि एक किंवा दोन सुटी किंजदले असतात. चीनमध्ये शतकानुशतके बागाईत होऊन पिओनीची जी भरगच्च रूपे तयार झाली त्यांत हा झुबका दिसेनासा होतो, कारण केसरदलांचेच पाकळ्यांत रूपांतर झालेले असते. दुहेरी जास्वंदीत हेच घडते आणि ते घरच्या अंगणात पाहता येते. फूल हळुवार उकलले तर काही पाकळ्यांच्या कडेला परागकोशाचा पिवळा अवशेष चिकटलेला सापडतो. रानगुलाबाला पाकळ्या पाचच. म्हणून वर्णनासाठी नेहमी एकेरी फूल निवडावे. आणि दुहेरी फुलाला फळ का धरत नाही, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न आला तर त्यांना केसरदले शोधावयास लावावे.

नोंद लिहिण्याची रीत

नोंद नमुन्यादाखल कशी असावी, हे तरवडाच्या उदाहरणावरून दाखविता येईल. सोलापूरच्या मुरमाड माळरानावर पिवळ्या फुलांनी उठून दिसणारे हे झुडूप पूर्वी कातडी कमावण्यासाठी सालीकरिता तोडले जात असे.

‘तरवड. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. पुष्कळ फांद्यांचे झुडूप, पुरुषभर उंचीपर्यंत. पाने संयुक्त, दलांच्या जोड्या आठ ते बारा, प्रत्येक जोडीच्या मध्ये बारीक ग्रंथी. उपपर्णे मोठी, पानासारखी, कानाच्या पाळीच्या आकाराची, गळून न पडणारी. फुले गर्द पिवळी, फांद्यांच्या टोकांकडे. संदले पाच, असमान. पाकळ्या पाच, सुट्या, कडा चुरगळल्यासारख्या. केसरदले दहा, त्यांपैकी वरची तीन वंध्य. किंजपुट ऊर्ध्वस्थ. शेंग चपटी, पातळ, बियांच्या मधल्या भागात दबलेली.’

यातील कानाच्या पाळीसारखी उपपर्णे आणि तीन वंध्य केसरदले यांना विशेष महत्त्व आहे. शास्त्रीय नावातील ‘ऑरिक्युलाटा’ या लॅटिन विशेषणाचा अर्थच कानासारखी पाळ असलेला असा आहे. फुलाच्या भागांचा क्रम बाहेरून आत ठेवावा, मोजताना किमान पाच निरनिराळी फुले पाहावीत, फुलाचा रंग ताजेपणी लिहून ठेवावा आणि नोंदीखाली गाव, जागा व दिनांक घालावा. फूल व फळ असलेली एक डहाळी वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत दाबून ठेवावी. आर्द्रता असेपर्यंत कागद रोज बदलावा. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुणे येथील कार्यालय अशा नमुन्यावरून नावाची खात्री करून देऊ शकतात. तुलनेसाठी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ, जो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि सर्वेक्षणाने १९९६ ते २००१ या काळात प्रकाशित केलेले महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड उपलब्ध आहेत. दोन्ही इंग्रजीत आहेत, परंतु त्यांतील वर्णनाचा क्रम वर दिला आहे तोच आहे.